चिमणी ठेवली म्हणजे गिरणी राखली नव्हे

11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतली जिंजी. गावोगावी पेढे वाटले गेले आणि ते योग्यच होतं. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ एक जुनं मत नव्या जोमाने पुढे आलं, आणि ते मला मुळीच मान्य नाही. ते मत असं: वारसा म्हणावा तो गड-कोटांना, राजवाड्यांना, लेण्यांना. मुंबईतल्या बंद गिरण्यांची गंजकी छपरं आणि काळवंडलेल्या भिंती यांना वारसा म्हणणं हे थोड्या अभ्यासकांचं खूळ आहे. तिथे बघण्यासारखं काही नाही, बघायला कुणी जाणार नाही, ती जागा घरांसाठी वापरावी, आणि आठवण म्हणून एखादी चिमणी ठेवली तर पुष्कळ झालं.

हे मत फक्त विकासकांचं असतं तर दुर्लक्ष करता आलं असतं. नगररचनेतली जाणती माणसं असं बोलतात, दर पावसाळ्यात गड चढणारी तरुण मुलं बोलतात आणि गिरणी कामगारांची मुलंही बोलतात. म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

आधी गड आणि गिरणी यांच्यात जी भिंत उभी केली जाते तिच्याबद्दल. युनेस्कोच्या यादीत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत. हे तिन्ही जलदुर्ग जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले, आणि मुंबईच्या गिरण्यांना माणसांचा सर्वांत मोठा पुरवठा झाला तो याच जिल्ह्यातून. पाठोपाठ सातारा, जिथे प्रतापगड आहे. मग कोल्हापूर, जिथे पन्हाळा आहे. शेतीचा तुकडा पोटाला पुरेनासा झाला तेव्हा या तटांच्या सावलीतली माणसं बोटीने किंवा घाट उतरून मुंबईला आली. गावमंडळाच्या खोलीत वळकटी टाकली, खानावळीत जेवली, एखाद्या जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, ओळखीने बदली कामगार म्हणून लागली. गडावर पणजोबाच्या पणजोबाने पहारा दिला असेल याचा अभिमान बाळगायचा आणि आजोबाने तीस वर्षं जिथे माग चालवला ती जागा नजरेआड करायची, हे एकाच घराण्याचा अर्धा इतिहास फाडून टाकण्यासारखं आहे.

आता ‘बघण्यासारखं काय आहे?’ या प्रश्नाकडे येतो. गिरणीची इमारत वाचायला शिकवलं तर पुष्कळ आहे. सूतकताईचे मजले एकावर एक चढवलेले असतात आणि विणकामाची शेड मात्र जमिनीवर पसरलेली, एकमजली असते. असं का? शेकडो माग एकाच वेळी धडधडू लागले की त्यांचा हादरा वरच्या मजल्याला झेपत नाही, म्हणून माग जमिनीला टेकवावे लागले. शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं आणि प्रत्येक दात्याची काचेची बाजू उत्तरेकडे असते. थेट ऊन आत आलं असतं तर तुटलेला धागा झगझगाटात दिसला नसता आणि शेड भट्टीसारखी तापली असती. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा मिळतो. चिमणी उंच बांधली ती बॉयलरखालच्या आगीला ओढ मिळावी म्हणून. बॉयलरच्या वाफेवर इंजिन, इंजिनाच्या अजस्र चाकावरून प्रत्येक मजल्यावर जाणारे जाड दोर, दोरांवर फिरणारे दांडे, दांड्यांवरून यंत्रांना जोडलेले पट्टे, अशी शक्ती चढत जायची. पुढे वीज आली आणि दोरांची जागा मोटारींनी घेतली, तरी दोरांसाठी सोडलेली ती उंच, अरुंद पोकळी इमारतीत राहिलीच. गडावरचा चोरदरवाजा दाखवताना आपण शत्रू कुठून येईल आणि तो कसा फसेल हे मोठ्या चवीने सांगतो. गिरणीत तसेच शंभर खुलासे भिंतींत दडलेले आहेत. ते सांगणारं कुणी नाही, म्हणून बघण्यासारखं काही नाही असा समज झाला.

या खुलाशांतून आपण थेट माणसाच्या शरीरापर्यंत पोचतो. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून खात्यात मुद्दाम दमट हवा ठेवायची. मुंबईची हवा आधीच दमट, हे या शहरात गिरण्या वाढण्याचं एक कारण मानलं जातं. त्या दमट उकाड्यात कापसाची गाठ फुटायची, ब्लो रूममध्ये पिंजली जायची, कार्डिंगमध्ये तिचे तंतू सरळ व्हायचे आणि हवेत बारीक तूस उडायची. ती तूस वर्षानुवर्षं छातीत जाऊन बिसिनोसिस व्हायचा. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतलं की पहिल्याच दिवशी छाती आवळून येणं ही त्याची ओळख. रिंग खात्यातला साइडर पाळीभर चात्यांच्या रांगांमधून फेऱ्या घालत तुटलेली सुतं सांधायचा. विणकामाच्या शेडमध्ये आवाज इतका असायचा की शेजारच्याला खुणेनेच सांगावं लागे. छपराचा उतार, हवेतला ओलावा, छातीतला कफ, हे सगळं एकाच आराखड्याचा भाग आहे. पुस्तकात वाचून हे कळतं. त्या शेडमध्ये एक माग दहा मिनिटं चालवून दाखवला तर ते अंगाला कळतं. जागा बघायला जाण्याचं कारण एवढंच आहे आणि ते पुरेसं आहे.

मग चिमणीचं काय? लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला आणि चिमणी ठेवली गेली. ती पाहून लोक म्हणतात, वारसा जपला की. उद्या रायगड सपाट करून तिथे हॉटेल बांधलं आणि आठवणीला एक बुरूज ठेवला, तर आपण त्याला गड राखणं म्हणू का? बॉयलर नाही, इंजिनघर नाही, ज्यांच्यासाठी ते चालायचं ती खाती नाहीत. मग ती चिमणी कशाची आहे हे तिथे खरेदीला आलेल्या मुलाला कसं कळणार? नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये सुरू केली. भारतातल्या यंत्रोद्योगाच्या इतिहासात तिचं स्थान फार वरचं आहे आणि कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी तिथे 1886 मध्येच निघाला. आज तिचं नाव एका मॉलवर उरलं आहे. नाव राखणं आणि जागा राखणं यांत फार अंतर आहे.

‘आधी घरं, मग संग्रहालयं’ हा युक्तिवाद सर्वांत जास्त परिणाम करतो, कारण तो न्यायाच्या भाषेत येतो. ज्यांची रोजी गेली त्यांना छप्पर हवं, जुन्या यंत्रांना नको. ऐकणाऱ्याला वाटतं, बरोबर आहे. पण हा युक्तिवाद इतिहासाला धरून नाही. मुंबईत गिरण्यांची जमीन सुमारे 600 एकर होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने असं ठरवलं की गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला भाग मालकाला. 1996 मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा सुटा सुटा नव्हे, एकत्र विचार करावा असं सुचवलं. त्या वेळी घरं, बागा, रस्ते आणि गिरणीच्या राखण्याजोग्या इमारती या सगळ्यांना पुरेल एवढी जागा होती. मग 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त त्या जमिनीची होईल जी आधीपासून मोकळी आहे. इमारती पाडून जी मोकळी होईल ती वाटणीतून वगळली गेली. गिरण्यांची बहुतेक जमीन तर शेड आणि खात्यांखालीच होती. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये हा बदल लोकांच्या बाजूने वाचला, पण 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सरकारच्या बाजूने कायम केला.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. कामगारांच्या घरांची जागा वारसा जपणाऱ्यांनी अडवली नाही. ती एका दुरुस्तीने गेली, आणि त्याच दुरुस्तीने जुनी शेड पाडण्यात मालकाचा फायदा ठेवला. घर आणि वारसा ही दोन्ही एकाच फटक्यात हरली. दीड लाखाहून अधिक कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी घरांसाठी अर्ज केले. घर मिळालं त्यांतल्या फार थोड्यांना. मग जे दोघे एकत्र लुटले गेले त्यांनाच एकमेकांसमोर उभं करून ‘तुला हवं की याला?’ असं विचारणं हा अन्याय आहे. कामगाराला घर मिळालंच पाहिजे. ते मागताना त्याने स्वतःचा इतिहास गहाण टाकावा, ही अट कुणी घातली?

आता मी त्या आक्षेपाकडे येतो ज्याच्यासमोर मी खरोखर थांबतो. तो कामगारांच्या घरांतून येतो. जिथे माझ्या बापाची छाती गेली, जिथे आमच्या घरातली चूल विझली, तिथे तिकीट काढून लोकांनी फिरायचं? आमचं दुःख बघायची वस्तू आहे का? या प्रश्नात अपमानाची खरी भीती आहे. त्याला घाईने उत्तर देणं मला जमणार नाही.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ स्टायल इथे क्वारी बँक नावाची कापडगिरणी आहे. सॅम्युएल ग्रेगने ती 1784 मध्ये सुरू केली आणि 1939 पासून ती नॅशनल ट्रस्टकडे आहे. तिथे माग चालवून दाखवतात आणि पाण्याचं चाक फिरतं. पण लोकांच्या मनात राहतं ते शेजारचं घर, जिथे गिरणीत राबणारी अनाथ आणि गरीब मुलं ठेवली जायची. 1806 मध्ये तिथून दोन मुलगे पळून लंडनला गेले. त्यांतल्या तेरा वर्षांच्या थॉमस प्रीस्टलीचं बोट यंत्रात गेलं होतं आणि त्याची जबानी आजही उपलब्ध आहे. 1836 मध्ये एस्थर प्राइस नावाची मुलगी पळाली. परत आणल्यावर तिला खोलीत कोंडून ठेवलं गेलं. हे सगळं तिथे येणाऱ्यांना सांगतात. ग्रेग घराण्याचे कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर गुलामांच्या श्रमावर चालणारे मळे होते, हेही. 2020 मध्ये नॅशनल ट्रस्टने आपल्या ताब्यातल्या 93 वास्तूंचे वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध एका अहवालात मांडले, तेव्हा मोठा गदारोळ झाला. सुंदर वाडे बघायला येणाऱ्यांना हे कशाला सांगता, असं विचारलं गेलं. सांगायला हवं, कारण त्या वाड्यांचा पैसा तिथून आला होता.

अपमान दुःख दाखवण्यात नसतो. ते कुणाच्या तोंडून आणि किती खरं सांगितलं जातं यावर तो ठरतो. मुंबईत आज काय चाललंय ते बघा. गिरणीच्या शेडमध्ये उपाहारगृहं आणि मद्यालयं निघतात, लोखंडी खांब आणि उघड्या विटा शोभेसाठी ठेवल्या जातात आणि तिथे काम केलेल्या एकाही माणसाबद्दल तिथे एक ओळ सापडत नाही. अपमान तो आहे. आणि तो रोज, दुःखाची एकही गोष्ट न सांगता होतो आहे.

खरं सांगायचं तर गिरणगावाच्या गोड आठवणींचाही मला तेवढाच धोका वाटतो. भजनी मंडळं, गणेशोत्सव, कामगार रंगभूमी, शाहिरांचे डफ हे सगळं होतं आणि थोर होतं. अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे याच वस्त्यांतून गायले. नारायण सुर्वे याच गिरण्यांच्या भोंग्यांत वाढले. पण याच गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं साधन; त्यातला धागा तोंड लावून ओढावा लागे आणि ‘विटाळ’ होईल अशी सवर्ण कामगारांची हरकत होती. विणकामात पगार जास्त, म्हणजे जातीने पोटावरही घाव घातला. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. एके काळी दर पाच कामगारांत साधारण एक बाई असायची, वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. पुढे त्या जवळपास नाहीशाच झाल्या. त्यांचं काय झालं हे भोंग्याच्या आठवणींत येत नाही. माग जिथे होता तिथे उभं राहून, धोटा हातात घेऊन, ‘इथे तोंड लावायचं, आणि म्हणून यांना इथे यायची बंदी होती’ असं सांगितलं, तर जात कशी चालते हे शाळेतल्या मुलाला कुठल्याही धड्यापेक्षा स्पष्ट दिसेल. अशी जागा पुसून टाकण्यात कुणाचं भलं आहे? ज्यांना तोंड लावू दिलं नाही त्यांचं नक्कीच नाही.

आणि हा इतिहास नुसत्या सोसण्याचा नाही. रविवारची सुट्टी 10 जून 1890 पासून मिळाली ती नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना संघटित केल्यामुळे. आज कार्यालयात बसणारा प्रत्येक जण त्या रविवारवर जगतो. जुलै 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा वर्षामागे एक दिवस अशा हिशेबाने गिरण्या सहा दिवस बंद पडल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांत गिरणी कामगार होते. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप कधी रीतसर मागेच घेतला गेला नाही. नोकरीची शाश्वती, मजुरी, मान्यताप्राप्त युनियन कोण ठरवणार, या त्या वेळच्या भांडणांचे परिणाम आजही कंत्राटी कामगार भोगतो आहे. महाराष्ट्र राज्य कुणाच्या बळावर उभं राहिलं हे ज्याला जाणायचं आहे त्याला रायगडइतकंच मुंबईच्या गिरणगावातल्या काळाचौकीलाही जावं लागेल.

‘कोण येणार बघायला?’ हा आक्षेप मी थोडक्यात निकालात काढतो, कारण जगाने तो आधीच काढला आहे. जर्मनीतल्या एसेन शहरातली झोल्फराइन ही कोळशाची खाण 1986 मध्ये बंद झाली. तिथल्या राज्य सरकारने ती लगेच विकत घेतली, 2001 मध्ये ती जागतिक वारशात गेली, आणि आता वर्षाला दहा लाखांहून अधिक माणसं तिथे येतात. दाखवणाऱ्यांत जुने खाण कामगार असतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल या गिरणगावाला 1978 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. तिथल्या बूट मिलमध्ये माग खरोखर चालतात आणि आत जाणाऱ्याच्या हातात कानात घालायचे बोळे ठेवतात. आणि मालकांनाही जागा राखता येते, याचा दाखला जपानच्या तोमिओकाचा. 1872 मधली ती रेशीमगिरणी 1987 मध्ये बंद पडली. काताकुरा कंपनीने ती ना विकली, ना भाड्याने दिली, ना पाडली. स्वतःच्या खर्चाने सांभाळून 2005 मध्ये शहराच्या स्वाधीन केली. 2014 मध्ये ती जागतिक वारसा झाली. मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावरांनी 1854 मध्ये स्थापली, म्हणजे तोमिओकाच्या अठरा वर्षं आधी.

मुंबईत करायचं ठरलेलं वस्त्रोद्योग संग्रहालय काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक 2 आणि 3 च्या जागेत व्हायचं आहे. निर्णयाला तपाहून अधिक काळ लोटला. पहिल्या टप्प्यात काय आलं? तळ्यावर संगीताच्या तालावर नाचणारी कारंजी. गिरणीत तळं का असायचं हे तिथे येणाऱ्याला आधी सांगायला नको का? वाफेचं इंजिन वापरलेली वाफ थंड करून पुन्हा पाणी करतं, आणि त्यासाठी गिरणीला तळं लागायचं. ते तळं हाच तिथला एक मोठा नमुना आहे. त्यावर दिव्यांचा खेळ मांडला की बघणारा खूश होऊन जाईल आणि गिरणीबद्दल काहीही न कळता जाईल. मॉलमधल्या चिमणीचं जे झालं तेच तळ्याचं होईल, आणि या वेळी दोष मालकाला देता येणार नाही, कारण जागा सार्वजनिक आहे.

मी संग्रहालयाच्या विरोधात नाही. अशा संग्रहालयासाठीच हा सगळा वाद घालतो आहे. तिथे निदान एक रिंग फ्रेम आणि एक माग चालू स्थितीत हवा, त्याच शेडमध्ये, त्याच उत्तरेच्या उजेडात. 1982 चा संप कुणाला दुखावेल याची फिकीर न करता पूर्ण सांगितला गेला पाहिजे, 58 व्या नियमाच्या दुरुस्तीसकट. खानावळ चालवणाऱ्या बायका, बदलीसाठी गेटवर ताटकळणारे पुरुष, विणकामातून वगळलेली माणसं यांच्या जबान्या त्यांच्याच आवाजात ऐकू आल्या पाहिजेत. आणि दाखवायला तिथे काम केलेली माणसं हवीत, मानाने, पगारावर. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीला टेकला आहे; चाती कशी लावायची, धोटा कसा भरायचा, जॉबर पैसे कसे खायचा हे हातवाऱ्यांसकट सांगू शकणारे लोक लालबाग, परळ, शिवडीत आणि कोकणातल्या गावांत अजून आहेत. त्यांची नावं म्हाडाच्या अर्जांच्या यादीत आहेत, म्हणजे शोधायलाही जावं लागणार नाही. महापालिकेने पुढच्या टप्प्याची निविदा काढण्याआधी या यादीतल्या माणसांना बोलवावं आणि संग्रहालयात काय असावं हे आधी त्यांना विचारावं.